उकळायचं राहिलं

थोरलीने शाळेत सांगितलं होतं, की तिचे बाबा शेती करतात. काट्याला हे कळलं ते सुट्टी लागायच्या दिवशी, आणि तेही मास्तरांकडून. मास्तरांनी आपलं सहज विचारलं, यंदा शेतात काय लावणार म्हणून. काटा बघतच राहिला. त्याच्याकडे कोथिंबिरीचा वाफासुद्धा नव्हता. घरामागे गोठा होता, त्यात चार डुकरिणी आणि त्यांची पिल्लं, आणि त्यावरच घर चाललं होतं. त्याने मास्तरांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि मुलीचा हात धरून निघाला. 

काटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. डुकराकडे एक नजर टाकून तो वजन सांगायचा आणि ते किलोभराच्या आत बरोबर निघायचं, म्हणून गावाने त्याला काटा केलं. गावात डुकरं पाळणारी सात घरं. कुणाची मादी अडली, कुणाचं पिल्लू सुकलं, की पहिला निरोप काट्याला. रस्त्यावरच्या खाणावळीचं खरकटं सगळेच आणत, पण ते तासभर उकळल्याशिवाय डुकरांना घालायचं नाही, हे काट्याने घरोघरी जाऊन लोकांच्या गळी उतरवलं होतं. खरकट्यातून रोग येतो, आणि तो आला की गोठेच्या गोठे रिकामे करतो. लोक कुरकुरायचे. लाकूड जळतं, धुराने डोळे चुरचुरतात. मग हा त्यांच्या दारात बसून राहायचा, पिंपाला उकळी फुटेपर्यंत जागचा हलायचा नाही. शेजारच्या लोहारीणकाकू एकदा त्याला तोंडावर म्हणाल्या होत्या, की तुझ्यापेक्षा सासू परवडली. पण उकळायच्या त्याही.

घरी आल्यावर त्याने बायकोला मास्तरांचं सांगितलं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं. वर्गातली मुलं पोरीशेजारी बसताना नाक दाबतात, डबा खाताना लांब सरकतात, हे सगळं आईला सांगून झालं होतं. सांगायचं राहिलं होतं ते बापाला.

"मग मी काय अत्तराचा धंदा काढू?" काटा म्हणाला.

"तिला काही बोलू नका म्हणजे झालं."

तो बोलला नाही. पण त्याला लागलं ते लागलंच. ज्या पोरीला आपण अंगाखांद्यावर वाढवलं, तिला आपली लाज वाटते, हे त्याच्या घशाखाली उतरेना. दोन दिवस तो गोठ्यात उगाच झाडलेलंच झाडत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं, की थोराड डुकरिणीची पिल्लं रविवारी महिन्याची होताहेत, तर तो दिवस आपण साजरा करायचा. तोवर दोन्ही मुलांनी रोज गोठ्यात यायचं आणि डुक्कर म्हणजे काय ते शिकायचं. बायकोने कपाळाला हात लावला. पाच वर्षांचा धाकटा तिथेच नाचायला लागला. थोरली ताटातल्या भातात बोट फिरवत बसली.

पहिल्या दिवशी ती ओढणी नाकाला बांधून आली. ऊन रणरणत होतं, अंगणातल्या तांबड्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. काट्याने तिला काही समजावलं नाही, नुसतं डुकरिणीजवळ बसवलं. अकरा पिल्लं दूध पीत होती. "यातलं एक उचल आणि दुसरीकडे लाव," तो म्हणाला. तिने लावलं. ते पिल्लू दोन भावंडांना तुडवत परत आपल्या जागी आलं. तिने पुन्हा लावलं, ते पुन्हा आलं. काटा म्हणाला, की जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ज्याचा त्याचा आचळ ठरतो आणि मग दूध तुटेपर्यंत कुणी दुसऱ्याच्या आचळाला तोंड लावत नाही. थोरलीने ओढणी खाली केली आणि हसली. दुसऱ्या दिवशी तिने कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर अकरा पिल्लं काढली आणि कोण कुठे पितं ते लिहून ठेवलं.

मग ती विचारतच सुटली. डुकराला घाम का येत नाही? मग उन्हात ते काय करतं? चिखलात लोळतं ते गार व्हायला, तर मग लोक त्याला घाणेरडं का म्हणतात? जागा दिली तर डुक्कर झोपायच्या ठिकाणी कधी घाण करत नाही, हे काट्याने तिला कोपरा दाखवून पटवलं. सगळ्याच प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "हे मला माहीत नाही गं," असं तो म्हणाला, तेव्हा त्याची बायको दारात येऊन बघून गेली, कारण हे वाक्य तिने संसारात कधी ऐकलं नव्हतं. आठवडा संपेपर्यंत डुकरीण थोरलीचा आवाज ओळखायला लागली. तिने लांबून हाक मारली की ही तिकडून हुंकार द्यायची. काट्याचे ते दिवस फार सुखाचे गेले.

रविवारी डुकरिणीला आंघोळ घातली, गळ्यात रानफुलांची वेल बांधली. सातही घरची माणसं आली, काही कौतुकाने, काही नुसती गंमत बघायला. धाकट्याने एक गाणं म्हटलं, त्यात डुक्कर हा शब्द सोडून काही कळत नव्हतं. मग थोरली पालथ्या खोक्यावर चढली आणि तिने शिकलेलं सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. माझे बाबा डुकरं पाळतात."

काट्याला रडू फुटलं. लोकांत डोळे कुठे पुसायचे म्हणून तो खरकट्याची बादली आणायच्या निमित्ताने मागे गेला. खाणावळीतून सकाळी आणलेली बादली तशीच होती. त्या धामधुमीत चूल पेटवलीच नव्हती. इकडे डुकरीण भुकेने ओरडत होती. थोरली त्याच्या मागोमाग आली.

"बाबा, उकळायचं राहिलं."

"असू दे गं. आज तिचा दिवस आहे. एका दिवसाने काय होतंय?"

थोरलीने बादली नेऊन ओतली. डुकरीण आवडीने जेवली आणि फुलांची वेल अंगावर तशीच ठेवून सगळ्यांच्या डुकरांबरोबर गावच्या डबक्यात जाऊन लोळली.

आठव्या दिवशी तिने अन्न सोडलं. कान निळसर पडले, मागचे पाय लटपटायला लागले. थोरली तिच्या डोक्याशी बसून ओली फडकी बदलत होती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी डुकरीण गेली. पिल्लं बराच वेळ आपापल्या जागी ओढत राहिली. मग तीही एकेक करून गेली. तिने अन्न सोडलं त्याच दिवशी काट्याला कारण उमगलं होतं, पण तो कुणापाशी बोलला नाही. पाठोपाठ लोहारीणकाकूंची दोन पडली, मग पलीकडच्या घरची. डबकं सगळ्यांचं एकच होतं.

जनावरांचे डॉक्टर आले, रक्त घेऊन गेले, आणि चार दिवसांनी माणसं घेऊनच परतले. खरकट्यातला तोच रोग निघाला होता, आता गावातलं एकही डुक्कर ठेवता येणार नव्हतं. सुई टोचायची आणि पुरायचं. गावाबाहेरच्या कडक मातीत कुदळ चालेना, म्हणून खड्ड्याला यंत्र आणलं. त्याची घरघर काट्याच्या अंगणात ऐकू येत होती. तिथेच सातही घरची माणसं डॉक्टरांभोवती उभी होती.

"पहिलं जनावर याच घरी गेलं," डॉक्टर म्हणाले. "बाहेरचं काही न उकळता घातलं होतं का?"

सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. काट्याकडून असं होईल हे कुणाला खरंच वाटत नव्हतं. लोहारीणकाकू तर डॉक्टरांवरच उखडल्या, की आम्हाला उकळायला यानेच शिकवलंय. काट्याने खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खोक्यावर चढून बोलणारी त्याची पोर त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"मी घातलं," थोरली म्हणाली. ती आईच्या मागून पुढे आली होती. "बाबांनी उकळायला सांगितलं होतं. मी विसरले."

 नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय बोलणार? लोहारीणकाकूंची उरलेली पाच डुकरं त्या दिवशी जाणार होती, त्यांच्या पोरीची फी त्यावर होती. त्या पुढे आल्या आणि थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकरू आहे, म्हणाल्या. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. माणसं पांगायला लागली.

काटा सुटला होता. आणि त्याला हायसं वाटलं, हेच त्याला सहन होईना.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "तिने मला आठवण केली होती. मीच म्हणालो, असू दे."

लोहारीणकाकू थांबल्या.  शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या वळल्या आणि आपल्या गोठ्याकडे गेल्या. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. काट्याच्या अंगणात कुणी उरलं नाही.

थोरली त्याच्याजवळ आली. "कशाला सांगितलंत, बाबा? मला कुणीच काही म्हणत नव्हतं."

"आज म्हणत नव्हते. मोठी झाल्यावर म्हणाले असते."

"मग म्हणू द्यायचं होतं," ती म्हणाली. "मला शाळेतली सवय आहे. तुम्हाला नाही."

पहिली सुई लोहारीणकाकूंच्या गोठ्यात टोचली. डुकरांचा ओरडा सुरू झाला, तशी थोरलीने बापाला खाली बसवलं आणि त्याच्या कानांवर आपले दोन्ही हात घट्ट दाबून धरले.