विहिरीतली हाक

यशवंतपूरच्या मठापुढे सकाळपासून माणूस मावत नव्हतं. जागृतानंदस्वामींचं तीर्थ घेतलं की सरस्वती अंगात येते, विद्यार्थ्याची झोप-भूक हरपते आणि अख्खं पुस्तक पाठ होतं, अशी ख्याती होती. रांगेत पहिला उपेंद्र. त्याचे हात थरथरत होते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या.

"याचं अंथरूण मीच माळ्यावर टाकलं," त्याची आई मालनबाई शेजारणीला सांगत होत्या. "देवी आल्यावर झोप कशाला?"

त्यांची मुलगी विमला मल्लेश्वरमच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला भावाचं हे तेज बघवत नव्हतं. उपेंद्र तिच्या कानाशी लागला. "अक्का, देवी आपल्या विहिरीतून हाक मारते. ये म्हणते."

विमलाने त्याचा हात घट्ट धरला.

समोरच बसलेल्या स्वामींनी मात्र ते ऐकून टाळी वाजवली. "भले! बोलावणं आलं, म्हणजे पहिला वर्ग पक्का. तीर्थ दुप्पट घे, बाळा!"

घरी येताच विमलाने मठातून आणलेलं गडूतलं तीर्थ बाटलीत काढून ठेवलं, गडूत तुळशीचं पाणी भरलं. ते पिऊन उपेंद्र जमिनीवरच आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठून भात मागू लागला. दोन-चार दिवसांत हाक थांबली.

"देवी रुसली गं!" मालनबाई रडल्या.

विमलाने बाटली डॉक्टर अरविंदांकडे तपासायला दिली आणि मग त्यांना आणि आईला घेऊनच मठात गेली. भरल्या गर्दीत तिने स्वामींपुढे तीर्थाचा पेला धरला. "आज तुम्ही घ्या."

"आत्ता? अगं, माझी दुपारची वामकुक्षी..."

"म्हणजे तुम्ही झोपता होय?" मालनबाईंच्या तोंडून निघून गेलं.

स्वामी कानडीत 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत मागच्या दाराकडे सरकले. डॉक्टर म्हणाले, "झोप उडवणाऱ्या गोळ्यांची ही पूड आहे. हात थरथरतात ते गोळ्यांनी. माणूस जागून जागून, उपाशी राहून थकला की मेंदूला नसलेले आवाज ऐकू येतात."

गर्दी पांगली. रांगेतले रघुजी तेवढे आपल्या मुलीचा हात धरून उभे राहिले. "डॉक्टर, परीक्षेपुरतं तरी घेऊ द्या की हिला."

विमला मुलीपुढे बसली. "वीणा, तुला कुठून हाक येते?"

वीणाने मठामागच्या रेल्वेच्या रुळांकडे बोट केलं.

रघुजींनी तिला जवळ ओढलं.

"अण्णा, परीक्षा पुन्हा देता येते," विमला म्हणाली. "हिला घरी न्या. पोटभर जेवू द्या, झोपू द्या. आणि आज हिच्याजवळून हलू नका."