एकतीस गुणांची ऋजुता

ऋजुताचा निकाल पडद्यावर आला आणि माझं डोकंच फिरलं. शंभरापैकी एकतीस! खाली शेरा: 'वाचून समजण्याची क्षमता कमी. हाताने करायची कामे सुचवावीत.'

ही नवी कल-चाचणी विकत घेण्याआधी तिची पारख करायला मध्य प्रदेशातल्या धारच्या एका रोजगार केंद्रानं मला बसवलं होतं. मी निवृत्त मास्तर, चुका काढण्यात पटाईत. वीस मुलांवर चालवून बघायची आणि भरवशाची आहे की नाही ते लिहून द्यायचं. पन्नासच्या वरची नावं त्याच दिवशी पाच वाजता देवासच्या एका औषध कारखान्याला जायची होती, मुलाखतीसाठी. ऋजुता माझी पुतणी. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गातली एम.एस्सी., आणि दोन वर्षं घरी बसलेली.

चार वाजले होते.

"चाचणी बंडल आहे," मी म्हणालो.

केंद्राचा व्यवस्थापक विक्रमसिंह हसला. "काकासाहेब, बाकी एकोणीस जणांचं तर बरोबर आलं ना? घरची मुलगी फेल झाली म्हणून मशीन खराब?"

मी तिचा अर्ज उघडला. एकोणीस जणांनी भाषा हिंदी निवडली होती, हिनं मराठी. ती मीच निवडायला लावली होती, मागे उभा राहून, मोठ्या तोऱ्यात: "चार पिढ्या धारमध्ये राहिलो म्हणून काय झालं, आपण मराठीच!"

"तुला प्रश्न कळले नाहीत?" मी तिला विचारलं.

"कळले, काका. पण वाचायला टाइम लागतो. शाळा पूरी हिंदीत झाली ना. बारा सवाल झाले, तेवढ्यात टाइम खतम." मग हळूच म्हणाली, "तुम्ही वाढदिवसाला पुस्तकं देता ना, ती पण बाबाच वाचून सांगतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"दुसरा चान्स नाही मिळत," विक्रमसिंह म्हणाला. "परीक्षकाची गलती असली अन् त्यानं लिहून दिली, तरच. पण मग ह्या कामावरून तुम्हाला उतरावं लागेल."

मी लिहून दिलं: 'चूक उमेदवाराची नाही. तिची भाषा परीक्षकाने ठरवली.' राग येत होता, स्वतःचाच.

चार वीसला ती पुन्हा बसली, भाषा हिंदी निवडून. या वेळी मी मागे उभा राहिलो नाही. बाहेर बाकावर बसलो, घड्याळाकडे बघत, जीव मुठीत धरून.

पाचला आठ मिनिटं कमी असताना विक्रमसिंह बाहेर आला. "शहात्तर. नाव गेलं देवासला."

त्याच्या मागून ऋजुता आली आणि नमस्काराला वाकली. मी तिला मध्येच धरलं. तासाभरापूर्वी हिची नोकरीची संधी मीच घालवली होती, आणि ही माझ्याच पाया पडत होती.