मधलं टिंब

“नाव सांगताना पुटपुटायचं नाही. पूर्ण सांगायचं. आणि समोरच्यानं लिहून घेतलं की कागदात डोकावून बघायचं, नीट लिहिलंय ना.”

शाळेत नाव घालायला निघताना वडिलांनी हे सांगितलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडील गेले, डोकावायची सवय राहिली. म्हणूनच पाणीपुरवठा कार्यालयात सगळ्यांना नवे ईमेल पत्ते वाटले त्या दिवशी, बाकीचे चहाला गेले तरी ती आपली चिठ्ठी अक्षर अक्षर वाचत बसली. नियम सोपा होता. नावाचं पहिलं अक्षर आणि त्याला चिकटून अख्खं आडनाव. तिचं नाव ‘ग’वरून, आडनाव ‘आ’वरून. दोन्ही आपापल्या जागी चांगली सोज्वळ. पण शेजारी बसवल्यावर इंग्रजी अक्षरांत लख्ख उमटलं होतं, गाढव.

ती संगणकवाल्याकडे गेली. “दादा, मधे एक टिंब द्या ना.”

“टिंब नाही बसत, ताई. चारशे माणसांना एकच नियम.”

“टिंबाला जागा ती किती लागणार?”

“जागेचा प्रश्न नाही हो. आज तुम्हाला टिंब दिलं की उद्या दुसरा येऊन स्वल्पविराम मागेल.”

एकोणीस वर्षं ती तक्रारींचं टेबल सांभाळत होती. सगळे तिला तक्रारताईच म्हणत. आवाज इतका मऊ, की भांडायला आलेला माणूस ऐकण्यासाठी पुढे वाके, आणि वाकल्यावर त्याला धड ओरडता येत नसे. सकाळी माळ ओढून झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घालत नसे, आणि टेबलावर आलेली तक्रार लिहून झाल्याशिवाय जागची हलत नसे. दोन्ही नेम तिच्या लेखी एकाच तोलाचे होते.

आता रोज पन्नास घरी तिची उत्तरं जात होती, आणि प्रत्येकावर सगळ्यात आधी तेच जनावर.

घरी नणंदेला आयतंच सापडलं. “वहिनी, आमच्या आडनावाला काय काटे होते का गं? लग्नात घेतलं असतंस तर आज ही वेळ आली नसती.”

“काटे नाहीत. पण ते तुमचं आहे,” ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

साहेबांनीही तीच वाट काढली. सोमवारी त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. “नुसतं कागदोपत्री. नवऱ्याचं आडनाव लावा, आपोआप नवा पत्ता मिळेल. शुक्रवारी दुपारपर्यंत सही करून द्या. नाहीतर मला हे टेबल दुसऱ्याकडे द्यावं लागेल आणि तुम्हाला जुन्या फायलींच्या खोलीत बसवावं लागेल. लोक चिडतायत हो.”

लोक चिडत होते हे खरंच होतं. शुक्रवारी सकाळी एक म्हातारे शिंपी काठी आपटत आत आले. गळ्यात अजून मोजायची फीत.

“तीन आठवडे नळाला थेंब नाही! बायको अंथरुणाला खिळलेली, या वयात तीन जिने बादल्या वाहतोय. तक्रार केली, तर उत्तर काय? वरच लिहिलंय, गाढव! मी गाढव?”

“तुम्ही नाही, काका. मी.”

म्हातारबाबा थबकले. तिनं कागदावर आपलं नाव लिहिलं, मग त्याच्याखाली कार्यालयानं जोडून केलेला पत्ता. त्यांनी चष्मा वर-खाली करून दोन्ही ओळी वाचल्या.

“दोन तुकडे जोडायचे तर मधे शिवणीपुरती जागा सोडतात. एवढंही कुणी शिकवलं नाही यांना?”

ती पहिल्यांदाच त्या विषयावर हसली.

“ते असो,” ते म्हणाले, “पाण्याचं काय? पुन्हा ईमेलच का?”

“नाही. आज चार वाजता मी स्वतः तुमच्या दारात येते. माणूस घेऊन येते.”

“नक्की?”

“नक्की, काका.”

दुपारी तीनच्या सुमारास तिनं फॉर्म पुढ्यात ओढला. ‘जुने नाव’ या रकान्यात तिनं आपलं नाव पूर्ण लिहिलं. ‘नवे नाव’ यातही तेच, तितक्याच ठसठशीत अक्षरात. ‘बदलाचे कारण’ यापुढे लिहिलं, “नाव बरोबर आहे. नियम चुकला आहे. दुरुस्ती नियमात करावी.” खाली सही ठोकली आणि फॉर्म साहेबांच्या हातात नेऊन दिला.

साहेबांनी वाचलं. “ही काय थट्टा आहे?”

“थट्टा पत्त्यात आहे, साहेब. फॉर्म नीट भरलाय.”

“अहो, एका आडनावासाठी टेबल घालवणार तुम्ही?”

साहेबांना पुढे वाकावं लागलं, कारण तिनं आवाज तसूभरही चढवला नाही. “ज्याच्या नावाची माळ रोज ओढते, त्याचंही नाव मी घाई आहे म्हणून कधी अर्धं घेतलं नाही. माझ्या बापाचं तुमच्या सोयीसाठी कसं टाकू? टेबल तुमचं आहे, ते घ्या. नाव मागू नका.”

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी संगणकवाल्याला हाक मारली आणि तिचा पत्ता तिथल्या तिथे बंद करायला सांगितला. त्यानं तिच्याकडे न बघता चार कळा दाबल्या. “माफ करा, ताई,” एवढंच पुटपुटला.

साडेतीन वाजले होते. तिनं टेबलाचा खण रिकामा केला, शिंपीकाकांचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि मागच्या अंगणात गेली. गल्लीगल्लीतलं पाणी सोडायचे व्हॉल्व्ह फिरवणारा सावलीत बसला होता. तिनं चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

“तुमचं टेबल काढलं म्हणे,” तो म्हणाला. “मग आता मला हुकूम कुणाचा?”

“हुकूम कुणाचाच नाही. शब्द माझा आहे, चावी तुमची.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग उठून भिंतीला टेकवलेली लांब लोखंडी चावी खांद्यावर घेतली. तिनं चिठ्ठीवरचा घर क्रमांक पुन्हा एकदा वाचला, पर्स काखेत धरली आणि त्याच्यापुढे दोन पावलं चालत फाटकाबाहेर पडली.