लाँग स्नॅपरचा सत्कार

आमच्या इथल्या, डच मुलखातल्या मराठी मंडळाला सत्काराची खोड आहे. कुणी घर घेतलं, कुणाची मुलगी डच भाषेची परीक्षा पास झाली, कुणी मॅरेथॉनमध्ये शेवटून तिसरा आला, की जयप्रकाश शाल घेऊन हजर. जयप्रकाश म्हणजे आमचे अध्यक्ष. नोकरी बँकेच्या आयटी विभागात, पण माइक हातात आला की स्वतःला कुठल्यातरी संमेलनाचे उद्घाटक समजतात. शाली पुण्याहून घाऊक येतात. आमच्याही घरात दोन आहेत. एक मला मिळाली ती कशाबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

या दिवाळीला सत्कारमूर्ती ठरला मोरेश्वर चिपळूणकर, आमच्या गुरुनाथ आणि मालिनीचा मुलगा. मालिनी माझी जुनी मैत्रीण, रायस्वाइकमध्ये आमच्याच गल्लीत राहते. गुरुनाथ रोज ट्रेनने आइंडहोव्हनला जातो, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो आणि घरी येऊन जगातल्या बाकी सगळ्यांना कसं कळत नाही ते सांगतो. मुलगा इंजिनिअर होणार हे त्याने मुलाच्या बारशालाच ठरवलं होतं. मोरेश्वर एनस्खेडेला तंत्रविद्यापीठात गेलाही. तिसऱ्या वर्षी त्याला जर्मनीतल्या एका अमेरिकन फुटबॉल संघाने पगारी खेळाडू म्हणून बोलावलं आणि तो वह्यापुस्तकं गुंडाळून निघून गेला.

त्या दिवसापासून गुरुनाथच्या घरात सुतक. बायको मेल्यावरही माणूस इतकं लांब तोंड करत नाही. बाहेर मात्र त्याने सांगितलं, "मोरेश्वर जर्मनीत इंटर्नशिप करतोय." दोन वर्षं इंटर्नशिप! कसली, असं मी मुद्दाम विचारलं. "स्पोर्ट्स इंजिनिअरिंग," तो म्हणाला, आणि पापणीही लवली नाही.

मग या उन्हाळ्यात एका डच पेपरात फोटो आला. खचाखच भरलेलं स्टेडियम आणि पुढे हेल्मेट घातलेला, पाठमोरा खेळाडू, पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत इंग्रजीत चिपळूणकर. जयप्रकाशनी तो ट्राममध्ये पाहिला आणि ग्रुपवर टाकला, खाली ‘मराठी पाऊल पडते युरोपात पुढे’ वगैरे. दोनशे अंगठे आले. संध्याकाळपर्यंत गुरुनाथची इंटर्नशिप संपली होती आणि तो एका खेळाडूचा बाप झाला होता. "लहानपणापासूनच त्याच्यात स्पार्क होता. मी कधी अडवलं नाही," असं तो माझ्या नवऱ्याला सांगत होता. मी तिथेच पोहे परतत होते. परतता परतता हसू दाबणं सोपं नसतं.

एवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तो एकटाच आमच्याकडे आला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

"वहिनी, एक छोटी गोष्ट आहे. शाल झाली की मी दोन शब्द बोलणार. त्यात मी अनाउन्स करणार, की मोरेश्वर फेब्रुवारीपासून परत एनस्खेडेला जातोय, डिग्री पूर्ण करायला. मी असं म्हटलं की तुम्ही लगेच टाळ्या घ्यायच्या."

"त्याने ठरवलं का तसं?"

"ठरवेल ना. ऑस्ट्रियातला कुठला तरी संघ मागे लागलाय, दोन वर्षांसाठी. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. घरात बोललं की पोरगा हेडफोन लावतो. पण दोनशे माणसांसमोर, खांद्यावर शाल असताना तो बापाला नाही म्हणणार आहे का? शेवटी संस्कार आहेत."

संस्कार! सत्काराला बोलावून पोराला कोंडीत पकडायचं, आणि त्याला नाव संस्कार. ही युक्ती फक्त आपल्याच लोकांना सुचते. आपल्यात लग्नं याच पद्धतीने जमली आहेत आणि जमिनींच्या वाटण्याही याच पद्धतीने झाल्या आहेत. मला इतका राग आला की त्याला चहा विचारला नाही. तो गेल्यावर तडक मालिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली.

शेजारच्या लायडस्खेनडाम गावातला एक हॉल आम्ही दरवर्षी घेतो. छोटं स्टेज, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे जेवणाची टेबलं. मोरेश्वर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. मान आणि खांदा यांच्यात जागाच उरली नव्हती. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुला माहितीये ना, बाबा काय करणार आहेत?"

"आईने सांगितलं."

"मग आलास कशाला?"

"आई म्हणाली, ये." त्याने खांदे उडवले. पोराला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र तीन शब्दांवर दम लागतो. "संपदाकाकू, आय वाँट टू गो. रिअली. पण सगळ्यांसमोर बाबांना नो म्हणायचं... आय डोन्ट नो."

तो खरोखरच घाबरला होता. ज्याच्या अंगावर दर आठवड्याला सव्वाशे किलोची माणसं धावून येतात, तो पोरगा प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघून घाम पुसत होता.

जयप्रकाशनी सुरुवात केली ती शिवाजी महाराजांपासून. तिथून युरोपपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. मग शाल, पुष्पगुच्छ, श्रीफळ. मोरेश्वर वाकून पाया पडला, तेव्हा अध्यक्षांचा चेहरा असा फुलला की सत्कार त्यांचाच वाटावा. मग गुरुनाथ उठला. क्रिकेटपासून सगळ्या खेळांवर बोलला, शिस्तीवर बोलला, आपल्या त्यागावर तर फारच बोलला. आणि शेवटी आवाज भरून आणून म्हणाला, "आणि आज सांगायला आनंद वाटतो, की खेळाचं शिखर गाठून मोरेश्वर आता पुन्हा एनस्खेडेला जातोय. डिग्री पूर्ण करायला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली कार्डं नीट लावत बसले. पण टाळ्यांना काय, आपल्या लोकांना डिग्री हा शब्द पुरतो. सगळा हॉल वाजला.

मोरेश्वरने माइक घेतला. कपाळावर घाम, काखेत नारळ, खांद्यावरून शाल घसरतेय. मला वाटलं, संपलं. थँक यू म्हणेल आणि फेब्रुवारीत मान खाली घालून जाईल.

"बाबा," तो म्हणाला. "मी काय करतो?"

"म्हणजे?" गुरुनाथ हसला.

"मैदानावर. माझं काम काय? सांगा ना सगळ्यांना."

"अरे, फुटबॉल खेळतोस. टचडाउन करतोस!"

"आय हॅव नेव्हर स्कोअर्ड. लाइफमध्ये एकदाही नाही."

लोक हसले. विनोद आहे असं त्यांना वाटलं. गुरुनाथही हसला, पण त्याचा हात उगाच टायकडे गेला. दोन वर्षं लपवलं आणि चार महिने मिरवलं, पण मुलगा नेमकं करतो काय, हे या गृहस्थाने एकदाही विचारलं नव्हतं. यंत्रातला स्क्रू सैल झाला तर हा माणूस रात्रभर झोपत नाही!

जयप्रकाश सारवासारव करायला पुढे आले. "मग करूनच दाखव बाळा! प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे!"

मोरेश्वरने काखेतल्या नारळाकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे. "आई?"

मालिनी उठली. पैठणीचा पदर कमरेला खोचला, चपला खुर्चीखाली सारल्या आणि सरळ स्टेजवर चढून पार टोकाला, पडद्याला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही तळवे पोटासमोर उघडे.

"मालिनी, काय चाललंय? खाली बस," गुरुनाथ दातांतल्या दातांत म्हणाला.

"तू जरा बाजूला हो, लागेल," ती म्हणाली.

मोरेश्वर माइक खाली ठेवून दुसऱ्या टोकाला तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, पाय फाकवले, कमरेतून पूर्ण वाकला आणि दोन्ही हातांनी नारळ जमिनीला टेकवला. मग पायांमधून उलटं आईकडे पाहिलं आणि फेकला. नारळ गरकन फिरत सरळ रेषेत गेला आणि थप्प आवाज करून तिच्या हातात बसला. ती हललीसुद्धा नाही.

"अहो, श्रीफळ आहे ते!" जयप्रकाश ओरडले. "पायांमधून?"

"फुटला नाही ना? मग झालं," पुण्याहून लेकाकडे आलेल्या लीलावतीबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या.

मालिनीने खाली ठेवलेला माइक उचलला. 

"याला लाँग स्नॅपर म्हणतात. संघाला किक मारायची असते तेव्हा बॉल असा मागे पोचवायचा. बरोबर पोचला तर कुणी नावही घेत नाही. चुकला तर सगळं स्टेडियम शिव्या घालतं. आणि फेकला रे फेकला की समोरची माणसं याच्या अंगावर पडतात. लॉकडाउनमध्ये याचा इथला क्लब बंद होता, तेव्हा हा आमच्या मागच्या पार्किंगमध्ये टाकायचा आणि मी झेलायचे. रोज. गुरुनाथ वर मीटिंगमध्ये असायचा. खिडकी पार्किंगवरच उघडते." ती थांबली. "तो एनस्खेडेला जात नाहीये. सोमवारी ऑस्ट्रियाला हो म्हणतोय. टाळ्या वाजवायच्या असतील तर आता वाजवा."

कुणी वाजवल्या नाहीत. आपल्या लोकांना आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय आहे. मग मी वाजवल्या, लीलावतीबाईंनी वाजवल्या, आणि मागे खेळत बसलेली पोरं "मो! मो!" करून ओरडू लागली. त्या गोंधळात मी पुढचा नाच जाहीर करून टाकला. मोरेश्वरने शाल नीट घडी करून जयप्रकाशच्या हातात परत दिली. अध्यक्ष ती पुढच्या वर्षी वापरतील याची मला खात्री आहे.

जेवणाच्या रांगेत गुरुनाथ माझ्या मागे येऊन उभा राहिला. ताट रिकामंच. मला वाटलं, भांडणार. मी तयारीतच होते.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "पण हा उलटा कसा काय बघतो? म्हणजे, इतका नेमका जातो कसा?"

क्षणभर मला त्याची कीव आली. चेहऱ्यावर खरोखरच कुतूहल होतं, तेच, जे यंत्रांबद्दल बोलताना असतं.

"मला काय विचारता? मोरेश्वर बाहेर पार्किंगमध्ये आहे. मालिनी गाडीत सामान ठेवतेय, ती स्टेशनवर सोडणार आहे त्याला. जा, विचारा."

त्याने काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. गाडीचं मागचं झाकण उघडं होतं आणि मायलेक कशावरून तरी हसत होते. गुरुनाथने ताट खाली ठेवलं, दोन पावलं टाकली. तेवढ्यात पुढची माणसं सरकली आणि रांगेत फट पडली.

"नको," तो परत येत म्हणाला, "आत्ता घाईत असेल तो." आणि त्याने ताट उचलून जिलब्यांच्या दिशेने पुढे केलं.