उणे चाळीस

डल्सी आत्यानं लग्नात ‘हो’ म्हटलं नाही, हॉर्न वाजवला.

असं काहीही झालेलं नाही. आमच्या घरी तसं ठरलंय. त्यामुळे पुढचं सगळं न घडलेलं समजून वाचावं.

आत्या एकाहत्तर वर्षांची. पहिल्या लग्नाला ती नवऱ्याच्या, म्हणजे केनकाकाच्या, होल्डन गाडीतून चर्चच्या फाटकातून थेट दारापर्यंत गेली होती. काका गेले, होल्डन राहिली. आता आयव्हरशी लग्न ठरल्यावर तिची अट एकच होती. “त्याच गाडीतून, त्याच फाटकातून. लग्नाला पायी जायला मी काय मेंढी आहे?”

गाडीच्या जुन्या रिम गंजून पापड झाल्या होत्या. त्या मापाच्या पाच भोकांच्या रिम आता कुठेच मिळत नव्हत्या, सहा भोकांच्या मात्र ढिगानं पडल्या होत्या. पाच बोल्टांवर सहा भोकं बसवायची तर मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो, म्हणजे एक जाड तबकडी. ती चाकाला बाहेर ढकलते. मग चाक तेवढंच आत ओढणारा ऑफसेट, म्हणजे रिम आत-बाहेर किती सरकते तो आकडा, शोधायचा. प्लस असेल तर चाक लाजून गाडीच्या पोटात बसतं. मायनस असेल तर कोपरं काढून बाहेर येतं.

हिशोब आयव्हरनं केला. तो निवृत्त पोस्टमास्तर, एका आकड्याची चूक नाही. त्यानं मला चिठ्ठी दिली:

टायर – २३५
ऑफसेट – ४०
दूध – २ लिटर

हॉरशम गावच्या भंगारवाल्यानं दोन ढीग दाखवले. “प्लस चाळीस की मायनस चाळीस?”

मी चिठ्ठी पाहिली. “मायनस.”

“नक्की, रॉडी? चाकं बाहेर येतील रे.”

“नवरदेवानं स्वतः लिहिलंय.”

“आणि टायर?”

“दोनशे पस्तीस.”

उणे दोनशे पस्तीस रुंदीचं टायर नसतं, एवढं मला कळत होतं. दूधही मी नीट दोन लिटर आणलं.

शनिवारी सकाळी चाकं बसवली. दोन्ही बाजूंनी आठ-आठ सेंटिमीटर बाहेर! गाडी कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिल्यासारखी दिसत होती.

“रुबाबदार आहे,” आत्या म्हणाली आणि बसली.

अकरा वाजता मी स्टिअरिंगवर, आत्या शेजारी, असे आम्ही फाटकात शिरलो. केनकाकाच्या वेळी दोन्हीकडे सात-सात सेंटिमीटर जागा उरली होती. आता बॉनेट आत गेलं, पुढची चाकं दगडी खांबांत रुतली आणि गाडी थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना.

आयव्हर आतून धावत आला. चाकं पाहिली, मग मला पाहिलं. “रॉडी, मला प्लस हवं होतं!”

मी चिठ्ठी दाखवली.

“ती रेघ आहे, गाढवा! दुधापुढेही आहे!”

“दूध उणे आणायला गाईकडे परत जावं लागलं असतं.”

“डल्सी, उतर गं,” आयव्हर काकुळतीला आला. “दहा पावलं तर आहेत.”

“दार फाटकाबाहेर उघडतंय. मी आत उतरणार म्हटलंय, आत म्हणजे आत.” आत्यानं काच वर केली.

बॉनेट कुठवर आलंय ते पाद्रीबाबांनी वाकून पाहिलं. “बॉनेट आवारात आहे,” ते म्हणाले. “सुरू करू या.”

आत्याच्या समोर यायला आयव्हर बॉनेटवर पालथा झोपला. पाद्रीबाबांनी काचेबाहेरून ओरडून विचारलं, “डल्सी, हा तुला मान्य आहे का?” तिनं त्याच्याकडे पाहिलं. सुटाला ग्रीस लागलेलं, टाय वायपरमध्ये अडकलेला. मग माझ्यापुढून हात घालून तिनं हॉर्न दाबला. चांगला लांब.

आत्या संध्याकाळपर्यंत उतरली नाही. केक खिडकीतून दिला. आत उतरल्याशिवाय आपण आयव्हरच्या घरी राहायला जाणार नाही, असं तिनं जाहीर केलंय. म्हणून आयव्हरनं कालच नगरपालिकेला अर्ज धाडला. मी वाचला आणि तसाच पेटीत टाकला:

“विषय – चर्चचे फाटक. सबब विनंती की, सदर फाटकाच्या रुंदीत पुढीलप्रमाणे बदल गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजल्यापासून पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात यावा: रुंदी – २ सें.मी.”