शिरवाळ्यांना डिझेलचा वास

बुद्धसंवत २५५१, म्हणजे इसवी सन २००८. डिझेल आणि रबर, दोघांचेही भाव एकदमच आभाळाला टेकले, ते वर्ष. दक्षिण थायलंडात त्रांगकडच्या गावांत तेव्हा ज्याच्या दारात रबराची चार झाडं, तो छाती काढून चाले. लमियतच्या दारात झाडं नव्हती. नवऱ्यामागे उरलेली जुनी तपकिरी डिझेल पिकअप आणि शिरवाळे पाडायचा साचा, एवढंच तिचं.

पहाटे ती तांदळाचे शिरवाळे पाडायची, त्यांच्या गुंडाळ्या केळीच्या पानांवर रचायची आणि टोपल्या पिकअपच्या हौद्यात चढवून बाजार गाठायची. निम्मा माल एकटा को-हेंग, म्हणजे हेंगदादा, घ्यायचा. बाजाराच्या तोंडाशीच त्याचं चहा-फराळाचं दुकान होतं. हे गिऱ्हाईक सुटलं तर साचा पोटमाळ्यावर जाणार, हे लमियत ओळखून होती.

एका सकाळी को-हेंगने एक गुंडाळी उचलून नाकाशी धरली.

"लमियत, हे आमटीत घालू की माझ्या मोटारीत?"

"का हो को, काय झालं?"

"डिझेलचा वास मारतोय. काल दोघांनी ताटं परत केली. एक जण विचारत होता, काडी लावली तर पेटेल का." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्यापासूनचा संबंध, म्हणून तोंडावर सांगतो. दहाव्या महिन्याच्या पितरांच्या सणापर्यंत वाट बघतो. सणाला मला दुप्पट शिरवाळे लागतात, पण असले नकोत."

घरी येऊन ती गाडीखाली वाकली. टाकी नेमकी टोपल्यांच्या खाली. टाकीतून दोन रबरी नळ्या निघत होत्या, एक इंजिनाकडे जाणारी, दुसरी उरलंसुरलं डिझेल परत आणणारी. दोन्हींना बारीक भेगा पडल्या होत्या. हात लावला तर बोटं ओली आणि काळी झाली.

शेजारीच धाकटा दीर राहायचा, चमरून. तिला तो 'पी', म्हणजे ताई, म्हणायचा. गावातल्या रबर बागायतदारांचा अध्यक्ष. गाडीतलंही त्याला बरंच कळायचं.

"बाजारातून नळी आणते," लमियत म्हणाली.

"बाजारातली? पी, ते रबर नसतं. खनिज तेलातून काढलेलं नकली सोंग ते. आपल्या झाडांचा चीक जगभर जातो आणि दादाच्या गाडीला नकली रबर लावायचं? लोक शेण घालतील तोंडात."

हातमोज्यांच्या कारखान्यात त्याची ओळख होती. तिथून त्याने मधाच्या रंगाची, चकचकीत नळी आणली, अस्सल चिकाची. जुन्या नळ्या कापून नव्या चढवल्या, क्लिपा आवळल्या. वास गेला. चमरून गावभर सांगत सुटला, रबर बघायचं असेल तर वहिनीच्या गाडीखाली वाका म्हणून. को-हेंगही दोन दिवस खूश होता.

आणि मग विहारापाशीच्या वळणावर गाडी खोकली आणि बंद पडली. लमियतने खाली पाहिलं. नळी फुगून लठ्ठ झाली होती, क्लिपेतून निसटून लोंबत होती, आणि डिझेल रस्त्यावर वाहत होतं. मोटरसायकलला बाजूगाडी जोडलेल्या एकाला विनवून तिने टोपल्या बाजारात पोचवल्या, तोवर को-हेंगने दुसरीकडून माल घेतला होता. तो रागावला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"क्लिप ढिली राहिली असणार," चमरून म्हणाला. "परत आवळून देतो."

लमियतने वाद घातला नाही. उरलेल्या नव्या नळीचे तिने दोन तुकडे केले, एक वाटीभर डिझेलमध्ये टाकला, दुसरा कोरडा ठेवला. शिरवाळ्यांत जन्म गेलेला, कशात काय फुगतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तिने दिराला हाक मारली.

"एकाच नळीचे दोन तुकडे आहेत. बघ."

चमरूनने भिजलेला तुकडा चिमटीत धरला. तो नखाने तुटला. रबराशी त्याचा संबंध चिकाच्या चादरी वाळून ट्रकमध्ये चढेपर्यंतचा. पुढे त्याचं काय होतं, कशाला ते चालतं आणि कशाला नाही, हे पाहायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

"पी, गावात बोलू नका."

"मी कशाला बोलू? बोलत तर तू फिरत होतास."

तो खाली मान घालून हसला. मग टोपी कपाळावर ओढून स्वतःच सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदारीण म्हणाली, "अध्यक्ष, तुम्ही आणि ही काळी नळी?"

"द्या गुपचूप. तेलाला टिकणारीच द्या."

या वेळी त्याने नळ्यांची तोंडं सरळ कापली, क्लिपा आधी नळीवर सरकवल्या, मग नळ्या पार आतपर्यंत बसवून त्या आवळल्या. पण लाइनीने एअर धरली होती, नळ्यांत हवा अडकली होती. लमियत फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिली, तो एअर काढायच्या स्क्रूशी बसला.

"बुडबुडे येतायत का रे?"

"येतायत. हात थांबवू नका."

"हात आहे की उखळातलं मुसळ. अजून?"

"आता नुसतं डिझेल. पुरे."

चावी फिरवली. गाडी दोनदा कुरकुरली आणि लागली. दोघांनी मिळून हौदा साबणाने घासला, ईडलिंबाची सालं चोळली.

सकाळी चमरून टोपल्यांपाशी हौद्यातच बसून बाजारात आला. को-हेंगने गुंडाळी हुंगली, उलटून पुन्हा हुंगली. मग ताटलीत घेऊन वर माशाची आमटी ओतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सणाला तिप्पट आण," तो म्हणाला. "आणि हा अध्यक्ष टोपल्यांत काय करतोय?"

"नळ्यांवर पहारा देतोय," लमियत म्हणाली.

को-हेंगने पुढे दुकान लेकीच्या हवाली केलं, तरी शेवटपर्यंत रोज सकाळी गल्ल्यापाशी बसायचा. २५५१ सालच्याच अखेरीस रबराचा भाव कोसळला. तेव्हा चमरूनने सभेत उभं राहून नळीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि बागायतदारांना घेऊन कारखाने बघायला निघाला. पुढे गावाने चिकाच्या उशा आणि गाद्या करायचं छोटं केंद्र काढलं, ते अजून चालू आहे. लमियतने डोळे साथ देत होते तोवर गाडी हाकली, मग साचा भाचीला दिला आणि पिकअप विहाराला दान केली. भिक्खू अजून तिच्यातून तांदूळ आणतात.