मारुतीच्या शेपटाखालचं नाव

१९८४ साली दिंडोरीजवळच्या एका देवळात भिंतीवरची जुनी चित्रं साफ करताना सावळीरामला मारुतीच्या शेपटाखाली चित्रकाराचं बारीक नाव सापडलं, ‘काळू’. इतकी वर्षं ते चुन्याखाली दडलं होतं.

पंच म्हणाले, “देवाच्या भिंतीवर माणसाचं नाव कशाला? रंग फासा.”

सावळीरामचं डोकंच फिरलं. नाशकात परतला तो थेट मेहुण्याच्या, कारभारीच्या, व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन बसला. सगळी हकिकत ऐकून, त्याचा मूड बघून कारभारीनं पडद्यावरचा ठिपका मुद्दाम खेळातल्या भिंतीवर नेऊन आपटला, तर तो आरपार! आत चोरखोली, आणि तिच्यात गेम बनवणाऱ्याचं नाव.

“कंपनी नाव टाकू देत नव्हती, दाजी. मग पठ्ठ्यानं लपवून ठेवलं.”

“अरे, हा तर आमच्या काळूचाच भाऊ!” सावळीराम पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंचांदेखत नावावर रंग फासला. पंच खूश. मूळचं चित्र पक्क्या रंगाचं आणि हा रंग पाण्यानं निघणारा, हे कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

हनुमान जयंती आठवड्यावर आली होती. त्याआधी देवळाच्या भिंती ओल्या फडक्यानं पुसायचा मान पंचांचाच होता.